दोघांच्या नावचा फ्लॅट एकीच्या नावावर आणि कर्ज नव्या बँकेत: आधी काय, मग काय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याजवळचा फ्लॅट तुम्ही दोघांनी २०१६ साली घेतला. करारनाम्यावर दोघांची नावं, कर्जावरही दोघांची. अजून २८ लाख फेडायचे आहेत. पती आता पुण्यात असतात. दोघांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलंय आणि फ्लॅट तुमच्याकडे राहावा हे त्यांना मान्य आहे. एक बँक कमी व्याजाने कर्ज घ्यायला तयार आहे, पण फ्लॅट आधी तुमच्या एकटीच्या नावावर हवा म्हणते. सध्याची बँक म्हणते, कर्ज फिटल्याशिवाय नावात बदल होणार नाही. त्यात ८ लाखांचा टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेऊन ती रक्कम पतींना द्यायची, कारण सुरुवातीला त्यांनी तेवढे भरले होते. कोणी हक्कसोडपत्र करा म्हणतं, कोणी बक्षीसपत्र.

नाशिकमध्ये दस्तांचं काम करताना ही गाठ मी पुष्कळदा सोडवली आहे. ती सुटते. फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवा. फ्लॅटची मालकी वेगळी आणि कर्जाची जबाबदारी वेगळी. एक कागद मालकी हलवतो, दुसरा जबाबदारी हलवतो, आणि या दोन्ही कागदांमध्ये फार दिवसांचं अंतर पडू द्यायचं नाही. बहुतेक घरांत घोटाळा होतो तो याच अंतरामुळे.

हे अंतर पडल्यावर काय होतं ते आधी सांगतो. एका जोडप्याने सामंजस्याने बक्षीसपत्र केलं, फ्लॅट पत्नीच्या नावावर झाला. कर्ज तसंच राहिलं, हप्ते पत्नी नेमाने भरत होत्या. काही वर्षांनी पती दुसऱ्या शहरात घर घ्यायला गेले, तेव्हा त्यांच्या सिबिलवर (कर्जांच्या नोंदींच्या अहवालावर) हे संपूर्ण कर्ज उभं होतं आणि नवी बँक त्यांची पात्रता त्या हप्त्याची वजावट करून काढत होती. फ्लॅट त्यांचा नाही, कर्ज मात्र त्यांचं. कायद्याने सह-कर्जदारांपैकी कोणाही एकाकडून बँक पूर्ण रक्कम मागू शकते, अर्धी-अर्धी नव्हे. त्या बाईंचा एखादा हप्ता जरी चुकला असता तरी नोटीस दोघांना गेली असती. मग पुन्हा जुने विषय, पुन्हा फोन, पुन्हा कटुता. वेगळं होताना माणसं एकमेकांशी नीट वागायचं ठरवतात, ते अशा अर्धवट कागदांपायी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता कोणता दस्त करायचा, ते बघू.

हक्कसोडपत्र हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की भावाबहिणींच्या वाटणीपासून नवरा-बायकोच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे तोच सुचवला जातो. पण महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ मध्ये हक्कसोडपत्रावरची नाममात्र शुल्काची सवलत आहे ती वडिलोपार्जित मिळकतीला. तुमचा फ्लॅट दोघांनी कमावून घेतलेला, म्हणजे स्वकष्टार्जित. अशा मिळकतीतला हिस्सा सोडून दिला, तर सोडलेल्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. राहतं घर पती किंवा पत्नीला, मुला-मुलीला, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. महापालिका हद्दीत त्यावर १ टक्का अधिभार लागतो, नोंदणी फी २०० रुपये, आणि दस्त हाताळणीचं शुल्क पानांच्या हिशेबाने.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. समजा रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दर तक्त्याप्रमाणे, फ्लॅटची किंमत ६० लाख निघाली. मोजायला सोपी म्हणून ही रक्कम घेतो, तुमची खरी किंमत त्या विभागाच्या दर तक्त्यावरून काढावी लागेल. करारात कोणाचा किती वाटा हे लिहिलेलं नसेल आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावाही नसेल, तर कायदा समान वाटा धरतो. म्हणजे पतींचा हिस्सा ३० लाखांचा. बक्षीसपत्राला खर्च येईल ३० हजार अधिभार आणि वर चार-पाचशे, शिवाय किरकोळ. हक्कसोडपत्राला ५ टक्क्यांनी दीड लाख आणि १ टक्का नोंदणी फी ३० हजार. म्हणजे दस्ताचं नाव बदललं की दीड लाखाचा फरक.

पण बक्षीसपत्र करायचं तर ते खरोखर बक्षीस असलं पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे बक्षीस म्हणजे स्वखुशीने आणि विनामोबदला दिलेलं, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग इथे येतो: ते ८ लाख.

तुम्ही लिहिलंय की दस्तात पैशांचा उल्लेख करायचा नाही आणि रक्कम नंतर त्यांच्या खात्यात आरटीजीएस करायची, असं तुम्हाला सुचवलं गेलं. तसं करू नका. एकीकडे नोंदणीकृत दस्तात विनामोबदला असं लिहायचं आणि महिन्याभरात बँकेच्या उताऱ्यावर ८ लाख गेलेले दिसायचे, हे कोणीही एका बैठकीत ताडून बघू शकतं. उद्या संमती फिसकटली, तर हाच उतारा घेऊन दस्त बक्षीस नव्हताच असं म्हणायला जागा मिळते. मुद्रांक शुल्क कमी भरल्याचा विषय वेगळाच. हिश्शाच्या बदल्यात पैसे द्यायचे असतील तर ते खरेदीखत आहे आणि ते उघडपणे खरेदीखत म्हणूनच करावं. नाशिक महापालिका हद्दीत त्याला अधिभार धरून साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, फक्त महिलेच्या नावे घेतलेल्या घराला १ टक्का सूट आहे, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. शुल्क बाजारमूल्य आणि प्रत्यक्ष मोबदला यांपैकी जे जास्त त्यावर निघतं, त्यामुळे ८ लाखच देतोय म्हणून ८ लाखांवर भरून भागत नाही.

माझं मत विचाराल तर टॉप-अप घेऊच नका. तुमच्या हातात येणारा पगार ६२ हजार आहे. २८ लाख, ८.५ टक्के, १५ वर्षं, असा हप्ता साधारण साडेसत्तावीस हजार बसतो. पगाराच्या ४४ टक्के. ओढाताण होईल, पण निभेल. ३६ लाखांवर तोच हप्ता साडेपस्तीस हजारांच्या आसपास जातो, म्हणजे ५७ टक्के. एकटीच्या पगारावर इतका हप्ता बहुतेक बँका मंजूरच करत नाहीत, आणि केला तरी मुलीच्या शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स धरून तुमच्या हाती काय उरेल ते कागदावर मांडून बघा. पतींशी हे आकडे समोर ठेवून बोला. त्यांची संपूर्ण कर्जातून सुटका होते आहे, २८ लाखांची जबाबदारी त्यांच्या डोक्यावरून उतरते आहे, हा त्यांचाही मोठा फायदा आहे. बऱ्याचदा हे कोणी मांडून दाखवलेलं नसतं, म्हणून पैशांचा आग्रह राहतो. तरीही त्यांना पैसे हवेच असतील, तर खरेदीखताचा खर्च धरून आकडा ठरवा.

यात आणखी एक बाजू आहे. फ्लॅट देतो, त्याबदल्यात पोटगी मागायची नाही, असं तुमच्यात ठरलं असेल, तर तोही मोबदलाच झाला. तसं असेल तर ते बक्षीसपत्रात घुसवू नका. ते कौटुंबिक न्यायालयातल्या संमतीच्या अटींमध्ये मोकळेपणाने लिहा आणि त्या हिश्शाच्या मुद्रांकाबद्दल मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे किती शुल्क लागतं याचा निर्णय, करून घ्या. डिक्रीने, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाने, मिळकत हस्तांतरित झाली की शुल्क लागतच नाही, हा समज महाराष्ट्रात धोक्याचा आहे. आपल्या मुद्रांक कायद्यात हस्तांतर करणारी डिक्रीसुद्धा अभिहस्तांतरणाच्या (शुल्क लागणाऱ्या मालकी-हस्तांतराच्या) व्याख्येत येते. तुम्ही कमावत्या आहात आणि पोटगीचा विषय तुमच्यात निघालाच नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी पुढचं सगळं बक्षीसपत्र धरून सांगतो.

बक्षीसपत्राची सवलत पती-पत्नीच्या नात्याला आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातं कायद्याने संपतं, आणि दुसऱ्या दिवशी केलेलं बक्षीसपत्र परक्याला दिलेल्या बक्षिसासारखं मोजलं जातं. म्हणून दस्त हुकुमाच्या आधी नोंदवायचा. संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि दुसरा टप्पा यांत सहा महिन्यांचा काळ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात तो माफही होतो, त्यामुळे सहा महिने हातात आहेतच असं धरून बसू नका. पतींना भीती वाटेल की फ्लॅट दिल्यावर तुम्ही संमती मागे घेतली तर काय. ती भीती रास्त आहे. त्यावर तोडगा असा की अर्जासोबतच्या अटींमध्ये क्रम लिहायचा: अमुक तारखेपर्यंत नव्या बँकेची मंजुरी, अमुकपर्यंत बक्षीसपत्र, अमुकपर्यंत जुनं कर्ज बंद आणि पतींच्या हातात नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला. दोघांच्या वकिलांनी तो क्रम एकत्र बसून लिहावा.

आता बँकांचं. सध्याची बँक नाही म्हणते आणि नवी बँक आधी नाव मागते, अशी कोंडी झाल्यावर लोक दोनपैकी एक करतात. कोणी जुन्या बँकेला न विचारताच बक्षीसपत्र नोंदवून टाकतात. गहाणाच्या कागदांत बँकेच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर करणार नाही असं दोघांनी सही करून दिलेलं असतं, त्याचा भंग होतो आणि नव्या बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये नेमकं त्यावरच बोट ठेवतो. दुसरे लोक नव्या बँकेकडे दोघांच्या नावाने कर्ज हलवतात, मालकीचं नंतर बघू म्हणतात. कारण बहुतेक बँकांना सगळे मालक सह-अर्जदार हवे असतात. झालं, पती नव्या कर्जातही अडकले, आणि त्यांना काढायचं म्हटलं की ही बँक पुन्हा पहिल्या बँकेसारखंच उत्तर देते. तुम्ही या दुसऱ्या वाटेच्या अगदी तोंडाशी आहात, म्हणून थांबा.

मी जो मार्ग घेतो तो असा. नव्या बँकेकडून सँक्शन लेटर (मंजुरीपत्र) फक्त तुमच्या नावाने घ्या. त्यात अट अशी लिहून घ्या की रक्कम वितरित होण्यापूर्वी पतींच्या हिश्शाचं नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि तुमच्या एकटीच्या नावाचा इंडेक्स-टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) सादर करायचा. ही अट बँकेला मान्य असते, कारण पैसे सोडताना तिच्यासमोर एकच मालक असतो. हे पत्र हातात आलं की सध्याच्या बँकेच्या शाखेत जा, काउंटरवर विचारू नका, शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या. अर्जात नावात बदल करून द्या असं लिहू नका. त्या वाक्याला नाही हेच उत्तर येणार. लिहायचं असं: "कर्जखाते संपूर्ण फेडून बंद करण्याच्या हेतूने, सोबतच्या मंजुरीपत्रास अनुसरून, सह-मालकाचा हिस्सा बँकेचा बोजा कायम ठेवून बक्षीस देण्यास ना-हरकत द्यावी. खाते बंद होईपर्यंत दोघांचीही जबाबदारी पूर्वीप्रमाणेच राहील." अर्जावर दोघांच्या सह्या. एका प्रतीवर पोच घ्या.

या अर्जात बँकेचं काहीच जात नाही. बोजा, म्हणजे फ्लॅटवरचा बँकेचा हक्क, तसाच, दोन्ही कर्जदार तसेच, आणि पैसे येणार असल्याचं दुसऱ्या बँकेचं पत्र सोबत. तरी शाखा तयार नसेल तर अर्ज विभागीय कार्यालयाकडे पाठवण्याचा आग्रह धरा. अशी परवानगी देण्याचा अधिकार कित्येकदा शाखेत नसतोच, म्हणून तिथून नकार येतो. एक अट मात्र आहे: हप्ते थकलेले नसावेत. सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या कायद्याची) ६० दिवसांची मागणी नोटीस आलेली असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतराला कायद्यानेच मनाई आहे.

ना-हरकत आली की लगेच फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. फोरक्लोजर लेटरची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि त्यात दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं, म्हणून ते बक्षीसपत्राच्या तारखेला लागूनच घ्या. कागदांची यादी मात्र आधी मागितली तरी चालते, आणि ती नीट वाचा. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स-टू, बिल्डरचं ताबापत्र, आणि इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटची मालकी देणारा दस्त. नाशिकमध्ये सोसायटीपेक्षा अपार्टमेंटच्या इमारती पुष्कळ आहेत, आणि बऱ्याच लोकांनी फक्त करारनामा नोंदवलेला असतो, डीड राहूनच गेलेलं असतं. तुमचं तसं असेल तर आत्ता, दोघं सह्या करायला तयार आहेत तोवर, बिल्डरकडून ते करून घ्यायला लावा. नंतर पुण्याहून माणूस बोलावणं जड जातं. सिडकोच्या योजनेतलं घर असतं तर भाडेपट्ट्यामुळे सिडकोची परवानगीही बघावी लागली असती. तुमचा फ्लॅट खासगी बिल्डरचा आहे, म्हणून ते सोडून देतो.

तुमचं व्याज फ्लोटिंग असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड नाही. वैयक्तिक गृहकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने तो बँकांना २०१२ पासूनच बंद केलाय. फिक्स्ड असेल तर करारपत्र उघडून बघा.

दस्ताच्या मसुद्यावर थोडा वेळ घालवा, तो छापील नमुन्यातून उचलू नका. दोन-तीन ठिकाणी फार जपावं लागतं. कर्जाबद्दल "कर्ज फेडण्याच्या बदल्यात हिस्सा दिला" असं वाक्य मी बऱ्याच तयार मसुद्यांत पाहतो. या एका वाक्याने बक्षिसाला मोबदला चिकटतो, कारण मिळकत घेणाऱ्याने कर्ज अंगावर घेतलं की ती रक्कम मोबदला धरण्याची तरतूद मुद्रांक कायद्यात आहे. लिहायचं ते असं की सदर मिळकतीवर अमुक बँकेचा बोजा आहे, लिहून घेणार यांना त्याची माहिती आहे, आणि बोजासह हिस्सा त्यांनी स्वीकारला आहे. कर्ज कोण फेडणार हे बँकेच्या कागदांत आणि संमतीच्या अटींत येतंच. प्रेमापोटी, मायेपोटी अशी वाक्यंही घालायची सक्ती नाही. तुम्ही दोघं ज्या वळणावर आहात तिथे ती वाचताना दोघांनाही त्रास होतो. स्वखुशीने आणि विनामोबदला एवढं कायद्याला पुरतं. स्वीकाराचं कलम हवंच, आणि पार्किंग, शेअर सर्टिफिकेट किंवा अपार्टमेंटमधला अविभाज्य हिस्सा, वीज मीटरची अनामत, सोसायटीच्या फंडातली रक्कम, हे सगळं नावानिशी लिहा.

नावाकडेही बघा. २०१६ च्या करारावर तुमचं सासरचं नाव, पॅनवर कदाचित माहेरचं, आधारवर तिसरंच काही, असं हमखास असतं. घटस्फोटानंतर तुम्ही कोणतं नाव लावणार आहात ते आत्ताच ठरवा आणि दस्तात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नमूद करा. बदल हवा असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आधी उरका. इंडेक्स-टू छापून आल्यावर एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी चूकदुरुस्ती पत्राचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्यालाही दोघांनी पुन्हा यावं लागतं.

नोंदणीचा दिवस तसा सोपा असतो. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरायची, शुल्काचं चलन ग्रास या सरकारी संकेतस्थळावर भरायचं, वेळ घ्यायची. दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्ही दोघं, दोन साक्षीदार आणि ओळख पटवणारे असे जाता. फोटो, अंगठा, सही होते. स्क्रीनवर गोषवारा दाखवतात तो घाईत बघू नका. फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, गट किंवा सर्व्हे नंबर आणि हिश्शाची टक्केवारी स्वतः वाचा. तिथे "५० टक्के अविभाज्य हिस्सा" असं असायला हवं. तिथल्या ऑपरेटरने पूर्ण फ्लॅट टाकला तर मूल्यांकनही पूर्ण फ्लॅटचं निघतं आणि नोंदही चुकते. दस्त पूर्ण झाला की इंडेक्स-टू मिळतो. पतींना पुण्याहून येणं जमत नसेल तरी मुखत्यारपत्रावर हे काम करू नका. बक्षीस देणारा स्वतः हजर राहिला तर नंतर कोणाला शंका काढायला वाव राहत नाही.

इंडेक्स-टू त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्या बँकेला द्या. वितरणाचा चेक किंवा आरटीजीएस जुन्या बँकेच्या तुमच्या कर्जखात्यातच जातो, तुमच्या हातात येत नाही. पतींनी तोवर हप्त्याचा ईसीएस (खात्यातून आपोआप होणारी कपात) बंद करू नये. शेवटचा हप्ता परत गेला तर सिबिलवर डाग दोघांच्याही नावावर लागतो. खातं बंद झालं की जुन्या बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे आणि बोजा काढून टाकायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. हा नियम पाठ असू द्या, शाखेत शांतपणे सांगितला तरी पुरतो. बोजा उतरला म्हणजे काय काय उतरलं तेही तपासा: सरसाईवरची (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद, कर्ज सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर चढलेला बोजा, आणि गहाणखत नोंदवलेलं असेल तर गहाण सोडवल्याचा नोंदणीकृत दस्त. यातलं एखादं राहिलं तर दहा वर्षांनी विकताना वर येतं.

नव्या बँकेकडे कागद गहाण ठेवले की नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) ३० दिवसांत दाखल करावी लागते. पहिल्या कर्जाला केली होती म्हणून यावेळी सुटका नाही. त्याचं मुद्रांक शुल्क साधारण ०.३ टक्के, म्हणजे २८ लाखांवर ८,४०० रुपये. प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन वेगळं. व्याजदराचा फरक पाव टक्का असेल तर हा सगळा खर्च भरून निघायला किती महिने लागतील ते काढा. तुमच्या बाबतीत मात्र बँक बदलण्याचं खरं कारण व्याज नाही, पतींची सुटका आहे. म्हणून सध्याचीच बँक तुमच्या एकटीच्या नावाने नवं कर्ज देऊन जुनं बंद करायला तयार झाली तर अर्धा त्रास वाचेल. एकदा विचारून बघाच, आणि तेही लेखी.

आयकराचं थोडक्यात. पतीकडून मिळालेल्या बक्षिसावर तुम्हाला कर नाही आणि बक्षीस दिल्याने पतींना भांडवली नफा होत नाही. एरवी पत्नीला विनामोबदला दिलेल्या घराचं उत्पन्न पतीच्याच हिशेबात धरतात, पण वेगळं राहण्याच्या करारानुसार दिलेल्या मिळकतीला यातून सूट आहे. तुमच्या संमतीच्या अटींची तारीख आणि बक्षीसपत्राची तारीख यांचा मेळ म्हणूनच बसायला हवा. पुढे कधी फ्लॅट विकलात तर पतींच्या हिश्शाची मूळ किंमत त्यांनी दिलेलीच धरली जाईल, तेव्हा जुन्या पावत्या आणि करारनाम्याची प्रत त्यांच्याकडून आत्ताच घेऊन ठेवा. हप्त्याच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत राहत्या घराला नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून सीएंना जुन्या कलमांवर बोट ठेवून विचारू नका, व्यवहार सांगून विचारा.

राहिलेली कामं लहान आहेत, पण लोक तीच विसरतात. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलायचा अर्ज. कुटुंबातल्या व्यक्तीला हस्तांतर असल्याने ट्रान्सफर प्रीमियम (हस्तांतरासाठी सोसायटी वेगळी घेते ती रक्कम) लागू नये, प्रवेश फी आणि हस्तांतर फी तेवढी द्यावी. अपार्टमेंट असेल तर असोसिएशनच्या नोंदवहीत बदल. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात घरपट्टी तुमच्या नावावर करून घ्या, थकबाकी आधी भरावी लागेल. महावितरणचं मीटर आणि गॅसही. जुन्या कर्जाबरोबर घेतलेला विमा असेल तर तो बंद करून उरलेला हप्ता परत मिळतो का ते विचारा, आणि नव्या कर्जावर फक्त तुमच्या आयुष्याचा मुदत विमा वेगळा घ्या. बँक जो एकरकमी विमा कर्जात मिळवून देते त्याची सक्ती नसते.

आणि एक काम दस्ताच्याच आठवड्यात करा, मृत्युपत्र. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या पश्चात तिच्या मिळकतीत मुलांबरोबर पतीचाही वाटा असतो, आणि हुकूम होईपर्यंत तुम्ही कायद्याने विवाहितच आहात. फ्लॅट मुलीला जावा असं तुम्हाला वाटतं, तर ते लिहा. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, आहे, तेव्हा तिच्या वतीने फ्लॅट कोण सांभाळेल त्या व्यक्तीचं नावही घाला. दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते वैध होतं, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदवा, बक्षीसपत्राला त्याच कार्यालयात जायचंच आहे.

सुरुवात नव्या बँकेपासून करा. फक्त तुमच्या नावाचं सँक्शन लेटर आणि त्यातली बक्षीसपत्राची अट, एवढं हाती आल्याशिवाय पतींना सुट्टी टाकायला सांगू नका आणि दस्ताचं चलनही भरू नका.